यादी झिपमध्ये, नावं फोटोत

निवडणूक झाली, निकाल लागले, गुलाल धुऊन झाला. आता कुणाच्या प्रचाराचा भाग न होता हे लिहिता येईल म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या प्रभागनिहाय प्रारूप याद्या लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या गावातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. अडीच हजार बोगस मतदार घुसवलेत म्हणे. कुणी मोजले, कसे मोजले, याचा पत्ता नाही. एका गटाने फॉरवर्ड केला, दुसऱ्या गटाने "हरण्याची तयारी सुरू" म्हणून हसण्यावारी नेला. मला तीन जणांनी फोन करून विचारलं, "पत्रकार, खरंय का हो?" आता यादी न बघता खरं-खोटं काय सांगणार?

यादी बघायची म्हणजे काय, ते आधी सांगतो. विधानसभेची मतदार यादी भागांमध्ये असते. एका भागात साधारण हजाराच्या आसपास मतदार. एका पानावर तीस चौकटी, तीन उभ्या रांगा, दर रांगेत दहा. आपल्या शहराचे ४१ भाग आहेत, म्हणजे दीड हजार पानं. नगरपरिषदेसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घ्यायची आणि ती प्रभागांमध्ये फोडायची, एवढंच काम राज्य निवडणूक आयोगाकडे असतं. नवीन नाव घालणं किंवा असलेलं काढणं त्यांच्या हातात नाही. हे बऱ्याच उमेदवारांनाही माहीत नव्हतं. ते नगरपरिषदेत जाऊन "हे नाव काढा" म्हणून भांडत होते.

आणि ही यादी पीडीएफ असली तरी तिच्यात शोधता येत नाही. २०१८ पासून केंद्रीय निवडणूक आयोग यादी चित्राच्या स्वरूपात देतो. पानाचा फोटो काढून चिकटवल्यासारखं. आपल्याला अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी तो नुसता फोटो. कंट्रोल-एफ दाबून नाव टाका, काही सापडणार नाही. याविरुद्ध कमलनाथ सुप्रीम कोर्टात गेले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्या. सिकरी आणि न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने ती मागणी फेटाळली. आयोगाच्या नियमात शोधता येईल अशीच यादी द्यायला हवी असं लिहिलेलं नाही, आणि हवी असेल तर याचिकाकर्त्याने स्वतः मेहनत घेऊन ती तशी करून घ्यावी, असा त्या निकालाचा सूर आहे.

ही मेहनत तालुक्याच्या गावात कशी दिसते, ते आता ऐका.

विधानसभेची यादी एका पक्षाच्या कार्यकर्त्याने पेनड्राइव्हवर दिली. मान्यताप्राप्त पक्षांना ती मिळतेच. प्रभागांच्या याद्या मी रीतसर पैसे भरून घेतल्या, त्याही स्कॅन केलेल्या. पेनड्राइव्हवर एक मोठी झिप, तिच्या पोटात ४१ झिप, आणि त्या प्रत्येकीत एक-दोन पीडीएफ. एकेक झिप माऊसने उघडायची, पीडीएफ उघडायची, पान पलटायचं, असं करत बसलो तर हरकतींची मुदत संपेपर्यंत दहावा भागही झाला नसता. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, चार जीबीचा. विंडोज त्याला झेपेना म्हणून त्यात उबंटू टाकलंय. लिनक्समध्ये शेल नावाची काळी खिडकी असते. तिच्यात कामांची यादी लिहून ठेवली की कॉम्प्युटर ती ओळीने करत जातो. त्यालाच शेल स्क्रिप्ट म्हणतात. माझी स्क्रिप्ट पंचवीस ओळींची होती. पत्रकारितेच्या डिप्लोमात हे शिकवलं नव्हतं (तेव्हा पेजमेकर शिकवायचे), पण शिकायला इंजिनिअरच व्हावं लागतं असंही नाही.

काम साध्या मराठीत असं. या फोल्डरमधली प्रत्येक झिप घे. तिच्या नावाचं वेगळं फोल्डर कर आणि झिप त्यातच उघड. आतल्या पीडीएफच्या प्रत्येक पानाचं चित्र कर. चित्रातली अक्षरं वाच. वाचलेला मजकूर साध्या फाइलीत ठेव. मग पुढची झिप.

वेगळं फोल्डर का? कारण ४१ पैकी बहुतेक झिपमधल्या पीडीएफचं नाव एकच होतं. सगळ्या एकाच जागी उघडल्या तर एकीवर दुसरी बसत जाते आणि शेवटी एकच पीडीएफ शिल्लक राहते. अनझिप विचारतं बिचारं, "जुनी फाइल बदलू का?" पण तिथे "सगळ्यांना हो" असाही पर्याय असतो, आणि घाईतला माणूस तोच दाबतो. एका मित्राच्या मतदारसंघात असं झालं. त्याला चार तास वाटत होतं की आपल्या तालुक्यात एकच भाग आहे.

उघडण्याआधी झिप तपासायची सोयही असते. झिपच्या आत काय काय आहे त्याची अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते, पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी. म्हणून रेंज गेल्याने झिप अर्धवटच उतरली असेल तर ती "खराब आहे" म्हणते आणि उघडतच नाही, कारण अनुक्रमणिकाच आलेली नसते. शिवाय प्रत्येक फाइलीसोबत सीआरसी नावाचा एक तपासणीचा आकडा साठवलेला असतो. उघडताना आलेला आकडा त्याच्याशी जुळला नाही तर फाइल बिघडलेली. आमच्या ४१ पैकी दोन अशा निघाल्या. त्या पुन्हा मागवल्या. हे आधी तपासलं नसतं तर दोन हजार मतदार हिशेबातच आले नसते, आणि उद्या कुणी म्हणालं असतं की आमच्याच वस्तीचा भाग कसा काय गळाला?

नावांमधल्या मोकळ्या जागेचं दुखणं वेगळंच. "भाग १२ नवीन सुधारित" अशा नावाची फाइल असेल तर शेल तिच्या चार फाइली समजतं आणि चारही सापडत नाहीत म्हणून ओरडतं. फाइलीच्या नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावली की शांत होतं. सरकारी कारकून आणि कॉम्प्युटर यांच्यात ही एक गोष्ट सारखी. कागदावर जसं लिहिलंय तसंच धरणार, तुमच्या मनात काय होतं ते विचारणार नाही.

चित्रातली अक्षरं वाचायला टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. मुळात ह्युलेट-पॅकार्डने १९८० च्या दशकात सुरू केलेला, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. त्याला मराठी येतं. येतं म्हणजे सातवी पास. "घ" चा "ध" करतो, "भ" चा "म", "ख" चा "रव". आमच्या लॅपटॉपवर एका पानाला दहा-बारा सेकंद. दीड हजार पानं म्हणजे पाच तास. रात्री दहाला लावून झोपायचं. पण आपल्याकडे वीज रात्रीच जाते आणि लॅपटॉपची बॅटरी तर नावालाच. म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या. पान वाचत असताना मजकूर कच्च्या नावाने ठेव, पूर्ण झालं की पक्कं नाव दे. आणि पक्क्या नावाची फाइल आधीपासून असेल तर ते पान सोडून पुढे जा. त्या रात्री दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा उठून एकच ओळ पुन्हा चालवली. जिथे थांबलं होतं तिथून काम पुढे.

सकाळी ४१ फाइली मजकूर तयार होता. पुढचं काम चाळणीचं. बाजरी निवडायची, मग दळायची, मग पीठ चाळायचं, तसं एका कमांडमधून निघालेलं दुसरीत टाकायचं. मधे एक उभी रेघ द्यायची, तिला पाइप म्हणतात. ही कल्पना १९७३ मध्ये बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये आली आणि अजून तशीच चालते. ग्रेपने ओळखपत्राचे नंबर वेगळे काढायचे, सॉर्टने क्रमाने लावायचे, युनिकने जे दोनदा आले तेवढेच दाखवायचे.

ओळखपत्राचा नंबर दहा खुणांचा. आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग सात आकडे. टेसरॅक्टला इंग्रजी ओ आणि शून्य यातला फरक कळत नाही, पण जागेवरून कळतो. पहिल्या तीनात शून्य दिसलं तर तो ओ, पुढच्या सातात ओ दिसला तर ते शून्य. काही म्हाताऱ्या माणसांचे नंबर मात्र जुन्या पद्धतीचे, एमटी आणि तिरप्या रेघांचे. ते हाताने बघावे लागले. माझी बायको आणि पुतण्या, दोघं बसले होते दोन दुपारी.

आता आकडे. नुसतं नाव आणि आडनाव जुळवलं तर हजाराच्या वर जोड्या निघाल्या. ग्रुपवरचा अडीच हजारांचा मेसेज बहुधा असाच कुठूनतरी जन्माला आला असावा. पण आपल्या गावात एकाच आडनावाची अख्खी गल्ली असते आणि सुनीता, मंगल, संगीता घरटी एक. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलं की जोड्या काहीशेवर आल्या. वय जोडलं, दोन वर्षांचा फरक माफ करून, तर शंभराच्या आत. आणि ओळखपत्राचा नंबरच दोनदा आलेला, अशा पंचवीसेक.

त्या शंभरातली घरं आम्ही फिरलो. मी, आमच्या भागाच्या बीएलओ ताई (अंगणवाडी सांभाळून हे काम करतात, त्यांच्या चपला बघितल्यात का कधी?) आणि दोन कॉलेजची मुलं. बोगस म्हणावं असं काय सापडलं? घर बदललेली माणसं. नवीन पत्त्यावर फॉर्म ६ भरला आणि जुन्या पत्त्यावरचं नाव तसंच राहिलं. पत्ता बदलायला फॉर्म ८ असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काही जण खरोखर दोन वेगळी माणसं, चुलत भाऊ, आजोबांच्या नावावरून दोघांचंही नाव ठेवलेलं. सहा-सात ठिकाणी मात्र मला शंका आहे. त्या पत्त्यावर गोडाऊन आहे आणि शेजाऱ्यांनी ती नावं कधी ऐकलेली नाहीत. ती यादी मी लेखी दिली आहे, ग्रुपवर टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं, आणि नोंदणीसाठी खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण ते ठरवायला अधिकारी आहेत. माझी स्क्रिप्ट कुणाला बोगस ठरवू शकत नाही. ती फक्त सांगते की या दोन ओळी सारख्या दिसतात, जाऊन बघ.

आणि जे दोनदा नाही ते तिला दिसतच नाही. मेलेली माणसं तिला दिसत नाहीत. माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्या नावाने असलेली पोरगी दिसत नाही.

खरी गोष्ट वेगळ्याच ठिकाणी निघाली. प्रभागाच्या यादीत प्रत्येक नावाशी विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक छापलेला असतो. सहज म्हणून मी मोजलं, कुठल्या भागातली किती नावं कुठल्या प्रभागात गेली. चार ओळींची स्क्रिप्ट. बहुतेक भाग सरळ होते, एक भाग एका नाहीतर शेजारच्या दोन प्रभागांत. एका भागातली मात्र १३८ नावं नाल्यापलीकडच्या प्रभागात गेलेली. अनुक्रमांक सलग. म्हणजे एक अख्खी गल्ली उचलून पलीकडे टाकलेली. पाथरवटांची वस्ती आहे ती. आपल्याकडे त्यांना कुणी फारसं विचारत नाही, आणि त्या प्रभागात मागच्या वेळी निकाल पन्नासच्या आत लागला होता. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. यादी फोडताना एका रकान्यात चुकीचा आकडा पडला तरी एवढं होतं. पण मोजलं नसतं तर मतदानाच्या दिवशी ती माणसं नेहमीच्या शाळेत गेली असती आणि "तुमचं नाव इथे नाही" ऐकून परत आली असती. दीडशे रुपये मजुरी बुडवून कोण नाल्यापलीकडे दुसरी शाळा शोधत फिरतं?

मुदतीला दोन दिवस होते. कार्यालयात सांगितलं तर उत्तर आलं, ज्याचं त्याने येऊन अर्ज द्यावा. १३८ माणसं कामाच्या दिवशी रांगेत उभी करायची? मग पुन्हा शेल. मजकुरातून नाव, भाग, अनुक्रमांक उचलून छापील अर्जाच्या नमुन्यात बसवणारी स्क्रिप्ट लिहिली, १३८ अर्ज प्रिंट केले, मुलांनी दोन संध्याकाळी वस्तीत बसून सह्या-अंगठे घेतले. १११ अर्ज गेले. बाकीची माणसं ऊसतोडीला निघून गेली होती. एक आजी म्हणाल्या, "बाबा, अंगठा कशावर घेतोस ते आधी वाचून दाखव." वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून मगच अंगठा दिला.

अंतिम यादी आली तेव्हा तीच चार ओळींची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. गल्ली परत आली होती. १११ नाही, १३८ च्या १३८. म्हणजे कार्यालयात कुणीतरी एकेक अर्ज न बघता मूळ रकान्यातला आकडाच दुरुस्त केला. ज्याने केला त्याचे आभार, तो माणूस कोण ते मला माहीत नाही.

आता माझं म्हणणं. यादी शोधता येईल अशी दिली तर माणसांच्या माहितीचा गैरवापर होईल, ही भीती मला खोटी वाटत नाही. नाव, वय, पत्ता, घरातली माणसं, सगळं एका ठिकाणी. पण निवडणुकीत उमेदवारांच्या हातात कोणतं अ‍ॅप होतं ते आठवा. नाव टाका, आडनावाने चाळणी लावा, गल्लीप्रमाणे लावा, मोबाइल नंबरसकट. ते अ‍ॅप विकणाऱ्यांनी याच चित्रातल्या याद्या वाचून केलेलं आहे, माझ्यापेक्षा मोठ्या मशिनवर. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची यादी कधीच शोधता येण्यासारखी झालीय. अडलं फक्त त्या गल्लीचं. नाव-पत्ता झाकून निदान भाग, अनुक्रमांक आणि प्रभाग एवढा तक्ता साध्या मजकुरात द्यायला काय हरकत आहे? त्यात कुणाची कसली खासगी माहिती आहे? एवढा तक्ता असता तर मला पाच तास लॅपटॉप तापवावा लागला नसता आणि ती चूक कुणीही, मोबाइलवरही, पहिल्याच दिवशी पकडली असती. या मागणीचं पत्र मी राज्य निवडणूक आयोगाला पाठवतोय. सही करायची असेल त्यांनी कळवा.

दुबार नावांसाठी आयोगाने यावेळी यादीत दोन तारे लावायची पद्धत आणली, हे चांगलं झालं. अशा मतदाराने कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यायचं. आपल्या शंभरातल्या किती जणांपुढे तारे होते तेही मी जुळवून बघितलं. सगळ्यांपुढे नव्हते. आणि ज्यांच्यापुढे होते त्यातले ते चुलत भाऊसुद्धा होते. म्हणजे त्यांची चाळणी आणि माझी चाळणी, दोन्हींना भोकं आहेत.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, याद्या पुन्हा पुन्हा फुटणार आहेत. आसपासच्या गावातल्या ज्यांना हे शिकायचंय त्यांनी रविवारी दुपारी तीननंतर माझ्या ऑफिसात या. कुठल्या पक्षाचे आहात याच्याशी मला घेणं नाही, पण यादीतली नावं ग्रुपवर टाकणार नाही एवढं कबूल करून यायचं. स्क्रिप्ट फुकट देईन. आपल्या गावाच्या याद्यांच्या झिप पेनड्राइव्हवर आणा, आणि जमलं तर एक एक्स्टेन्शन बोर्ड. माझ्याकडे एकच आहे आणि त्याची दोन पिनं जळालीत.